मदरबोर्ड बदलण्याआधी तो का गेला ते शोधा

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या गावात तुमचं आपले सरकार सेवा केंद्र आहे. पहिल्याच पावसात विजा कडाडल्या, लाइन दोन-तीनदा गेली-आली. तेव्हापासून सीपीयूचं बटण दाबलं की पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही. मेकॅनिकने झाकण उघडून पाहिलं आणि काही न मोजता "मदरबोर्ड गेला" असं सांगितलं. आत तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबीच्या दोन डीडीआर-३ रॅम, विंडोज १० असलेली २४० जीबीची एसएसडी आणि डेटाची १ टीबीची हार्ड डिस्क आहे. बोर्ड बदलावा की पूर्ण नवीन मशीन घ्यावं, डेटा जाईल का, आणि दाखल्यांच्या हंगामात केंद्र लवकर कसं सुरू होईल, हे तुम्हाला हवंय.

डेटाचं आधी सांगतो, कारण काळजी त्याचीच जास्त आहे. बोर्ड मेला म्हणून डिस्कवरचा डेटा जात नाही. दोन्ही डिस्क काढून दुसऱ्या चालू पीसीला लावा, किंवा डिस्क यूएसबीला जोडणारी साटा-टू-यूएसबी केबल आणून लॅपटॉपला जोडा. ३.५ इंची हार्ड डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून तिच्यासाठी अडॅप्टरवाली केबल घ्या. एसएसडी नुसत्या यूएसबीवर चालते. पुढची कुठलीही खटपट करण्याआधी कामाच्या फाइलींची प्रत काढून घ्या. डिस्क उघडताना ४८ आकडी रिकव्हरी की मागितली, तर तिच्यावर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, आहे. ती की बहुधा ज्याने विंडोज टाकली त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. एच६१ वर हा प्रकार क्वचितच असतो, नव्या लॅपटॉपवर मात्र हमखास.

आता मुख्य मुद्दा. बोर्ड बदलणं हे तास-दीड तासाचं काम आहे. पण विजेच्या दिवशी बंद पडलेल्या मशीनमध्ये आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: बोर्ड खरंच मेलाय का, त्याच्यासोबत आणखी काय गेलंय, आणि झटका कुठून आला. हे न पाहता नवा बोर्ड त्याच एसएमपीएसला (सीपीयूतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला) आणि भिंतीवरच्या त्याच सॉकेटला जोडला, तर तोही जाऊ शकतो आणि दुकानदार जळालेल्या बोर्डाची वॉरंटी देत नाही. शिवाय पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही, एवढ्यावरून बोर्ड मेला असं म्हणताच येत नाही. रॅम, एसएमपीएस, बायोस (बोर्ड सुरू करणारा प्रोग्रॅम), नाहीतर एखादं शॉर्ट झालेलं यूएसबी यंत्रसुद्धा हेच लक्षण दाखवतं.

सुरुवात फुकटच्या तपासणीने करा. मॉनिटर आणि त्याची केबल दुसऱ्या मशीनवर चालते का ते पाहा. मग प्रिंटर, फिंगरप्रिंट यंत्र, डिजिटल सहीचं (डीएससी) टोकन, वेबकॅम, लॅनची केबल, सगळं काढा. फक्त पॉवर, मॉनिटर आणि कीबोर्ड ठेवा. विजेने प्रिंटरचा किंवा फिंगरप्रिंट यंत्राचा यूएसबी भाग शॉर्ट झाला, तर बोर्डाची पाच व्होल्टची लाइन खाली ओढली जाते आणि बोर्ड पुढे जातच नाही. आतून दोन्ही डिस्कच्या साटा केबल आणि पॉवर काढा. तरी डिस्प्ले नाही आला तर प्लग काढून बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. मीटरवर तो २.७ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर नवीनच टाका.

मग रॅम. दोन्ही काढा, सोनेरी पट्टी खोडरबराने घासून कोरड्या कापडाने पुसा आणि एकच रॅम एका स्लॉटमध्ये लावून पाहा. मग दुसऱ्यात, मग दुसरी रॅम. या चारही जोड्या फसल्या तर एक चाचणी अशी आहे, जी अनेक जण करतच नाहीत: बोर्डाच्या स्पीकर पिनांना छोटा बझर लावा, दोन्ही रॅम काढून टाका आणि सुरू करा. बीप वाजल्या म्हणजे प्रोसेसर जिवंत आहे, बायोस चालतोय आणि बोर्डाचा मोठा भाग ठीक आहे. मग दोष रॅममध्ये, रॅमच्या स्लॉटमध्ये किंवा डिस्प्लेच्या भागात शोधायचा. काहीच वाजलं नाही तर पुढे जा.

पुढची पायरी एसएमपीएसची. पंखा फिरतो म्हणून एसएमपीएस चांगला, असं अजिबात समजू नका. पंख्याला फक्त १२ व्होल्ट लागतात, तेही थोडे कमी आले तरी तो फिरतो. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी तार २४ पिनांच्या जोडणीतल्या काळ्या वायरीला लावा, आणि मशीन चालू असताना मागच्या बाजूने एकेक वायर मोजा. पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट हवेत. जांभळीवर मशीन बंद असतानाही ५ व्होल्ट हवेत, कारण बटण दाबल्यावर जाग आणणारा पुरवठा तोच. करड्या वायरीवर सुरू झाल्यावर क्षणात ५ च्या आसपास यायला हवेत. ती शून्यावर राहिली तर एसएमपीएस बोर्डाला पुढे जायची परवानगीच देत नाही, आणि पंखा मात्र फिरत राहतो. तुमच्या लक्षणाशी ही गोष्ट तंतोतंत जुळते, म्हणून ती पाहिल्याशिवाय बोर्डाला दोष देऊ नका. मीटर नसेल तर शेजारच्या पीसीचा चांगला एसएमपीएस जोडून पाहा. पण आपला संशयित एसएमपीएस दुसऱ्याच्या चांगल्या बोर्डावर लावून तपासू नका.

आता बोर्ड. सगळ्या वायरी काढून, प्रोसेसरजवळच्या चार पिनांच्या जागेवर मीटर बीपवर ठेवून पिवळ्या आणि काळ्या वायरीच्या पिना तपासा. सलग बीप वाजली तर बहुधा प्रोसेसरला पुरवठा करणारा मॉस्फेट (स्विचसारखं काम करणारा छोटा भाग) शॉर्ट आहे. अशा वेळी एक धोका असतो. एक-सव्वा व्होल्टवर चालणाऱ्या प्रोसेसरमध्ये थेट १२ व्होल्ट गेलेले असू शकतात. म्हणून तो प्रोसेसर आधी कुठल्यातरी चालू एच६१ बोर्डावर, मालकाला सांगून, तपासून घ्या आणि मगच नवा बोर्ड विकत घ्या. एरवी प्रोसेसर फारसे जात नाहीत. बीप नसेल तर मशीन सुरू करून प्रोसेसरशेजारच्या चौकोनी कॉइलवर डीसी मोजा. साधारण ०.८ ते १.२ व्होल्ट दिसले तर पुरवठा ठीक आहे, आणि मग संशय बायोसच्या आठ पायांच्या चिपवर जातो. लाइन जा-ये होताना त्या चिपमधला प्रोग्रॅम कधीकधी खराब होतो. अनेक एच६१ बोर्डांवर ही चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते. ती काढून सीएच३४१ए प्रोग्रॅमरवर त्याच मॉडेलची बायोस फाइल भरली की बोर्ड उठतो. यवतमाळ, अमरावती, अकोल्याला चिप लेव्हल काम करणाऱ्यांकडे हे यंत्र असतं, आणि हे काम नव्या बोर्डाच्या मानाने बरंच स्वस्त पडतं. मॉस्फेट बदलणंही त्यांना जमतं. फुगलेले किंवा गळलेले कपॅसिटर डोळ्यांनीच दिसतात. पण बोर्डाचा थर काळा पडला असेल, किंवा प्रोसेसर सॉकेटजवळ जळाल्याचा वास आणि डाग असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका.

इथवर आल्यावर बोर्डच गेल्याचं नक्की झालं, तर कुठला घ्यायचा हे तुमच्या बजेटवर आणि घाईवर आहे. प्रोसेसरचं सॉकेट ठरलेलं असतं, त्यात तडजोड नसते. तुमचा आय-थ्री एलजीए ११५५ चा आहे. त्याला एच६१ किंवा बी७५ चालेल, एच८१ चालणार नाही, कारण ते ११५० सॉकेट आहे. डीडीआर-३ रॅम डीडीआर-४ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. एच६१ चे नवे बोर्ड बाजारात अजून मिळतात. वापरलेला घेत असाल तर एक खबरदारी घ्या: एच६१ मुळात २०११ च्या दुसऱ्या पिढीसाठी निघाला होता, तिसऱ्या पिढीसाठी जुन्या बोर्डांना बायोस अपडेट लागतो. म्हणून तुमचा प्रोसेसर सोबत घेऊन जा आणि दुकानातच डिस्प्ले आलेला पाहून पैसे द्या. सॉकेटमधल्या पिना मोबाइलच्या टॉर्चने तिरप्या उजेडात पाहा. एकही पिन आडवी दिसली तर तो बोर्ड नको. आणि तुमचा सीपीयू डेल, एचपी, लेनोवो असा ब्रँडेड असेल, तर आधी एसएमपीएसची जोडणी २४ पिनांचीच आहे का ते मोजा. बऱ्याच ब्रँडेड मशीनमध्ये जोडणी, स्क्रूच्या जागा आणि बटणाची वायर सगळंच वेगळं असतं, बाजारातला साधा बोर्ड त्यात लागत नाही. त्याच मॉडेलचा बोर्ड शोधावा लागतो.

नवं मशीन की जुना बोर्ड, यावर माझं मत असं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तुमचा आय-थ्री त्यात बसत नाही. केंद्रात लोकांचे आधार, बँकेची कामं आणि ओटीपी त्या मशीनवर होतात, म्हणून ते कायमचं जुन्या विंडोजवर ठेवणं मला पटत नाही. पण जून-जुलैत उत्पन्न, जात, नॉन-क्रिमिलेअरचे दाखले आणि पीक विम्याची रांग दाराशी असते. तेव्हा नवं मशीन आणून सगळं नव्याने बसवणं त्रासाचं होतं. म्हणून मी आत्ता एच६१ घालून, आहे ती विंडोज चालू करून हंगाम काढेन, आणि दिवाळीच्या आसपास एच६१० बोर्ड, आय-थ्री १२१००, नवी रॅम आणि नवीन एसएसडी घेईन. तेव्हा १२१०० एफ घेऊ नका. एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, डिस्प्लेसाठी वेगळं कार्ड लागतं. आत्ता हातात पैसे असतील आणि गावात दुसऱ्या लॅपटॉपवर काम चालत असेल, तर थेट नवंच घ्या, एच६१ वर खर्च करू नका.

जुना बोर्ड काढताना, एकही वायर हलवण्याआधी चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा, खासकरून समोरच्या बटणाच्या बारीक वायरींचे. प्लग काढा आणि सीपीयूचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज संपतो. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, टेरिकॉटचे कपडे घालून हे काम करू नका. दर वेळी बोर्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावा. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या चार पायांची डोकी बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढली की इंटेलचा कूलर सुटतो. चिकटला असेल तर उपटू नका, हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. प्रोसेसर कडांनी धरून उचला आणि कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण कुठे होता ते पाहून ठेवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तेल किंवा पेट्रोल लावू नका.

नवा बोर्ड कॅबिनेटमध्ये कसण्याआधी त्याच्या खोक्यावर बाहेरच चालवून पाहा. ही सवय फार वेळ वाचवते. प्रोसेसरच्या दोन खाचा सॉकेटच्या उंचवट्यांशी जुळवून तो नुसता ठेवा, दाबू नका. दांडा बंद करताना जोर लागतो, ते ठीक आहे. सॉकेटवरचं काळं प्लास्टिक झाकण सांभाळून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना ते लागतं. प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवा, पसरवू नका. कूलरचे चार पाय समोरासमोरच्या कोपऱ्यांतून टक् आवाज येईपर्यंत दाबा, मग बोर्ड उलटून चारही पिना पूर्ण बाहेर आल्यात ना ते पाहा. एक जरी अर्धवट राहिला तर मशीन पाच-दहा मिनिटांत तापून बंद पडतं, आणि मेच्या ४५ अंशांत तर त्याहून लवकर. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनेवर लावा, एक रॅम, २४ पिना, प्रोसेसरजवळच्या चार पिना, बस. या चार पिना विसरल्या की पंखा फिरतो आणि डिस्प्ले येत नाही, म्हणजे तुमचंच लक्षण पुन्हा दिसतं. पॉवर स्विच लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर लावा. बायोसचा पडदा दिसला की बंद करा.

मग कॅबिनेट. बोर्डासोबत आलेली मागची पत्र्याची पट्टी आधी बसवा, तिच्या आतल्या पत्र्याच्या जिभा लॅन किंवा यूएसबीच्या भोकात शिरल्या नाहीत ना ते पाहा. कॅबिनेटमधले पितळी स्टँड नव्या बोर्डाच्या भोकांखालीच हवेत. छोट्या एच६१ बोर्डाला बहुतेक वेळा सहा पुरतात. भोक नसलेल्या जागी जुना स्टँड राहिला, तर तो बोर्डाच्या पाठीला टेकतो आणि शॉर्ट करतो. बाहेर चाललेला बोर्ड कॅबिनेटमध्ये गेल्यावर बंद पडला तर पहिल्यांदा हेच तपासा. बटणाच्या वायरी उलटसुलट लागल्या तरी चालतात, एलईडीच्या उलट्या लागल्या तर फक्त दिवा लागत नाही, पण समोरच्या यूएसबीची नऊ पिनांची जोडणी जबरदस्तीने उलटी बसवू नका. त्यात पेन ड्राइव्ह आणि बोर्ड दोन्ही जाऊ शकतात.

डिस्क जोडल्यावर, विंडोज सुरू करण्याआधी बायोसमध्ये तारीख-वेळ भरा, नाहीतर सरकारी पोर्टल उघडताना ब्राउजर सुरक्षेची चूक दाखवतो. साटा मोड जुन्या बोर्डावर होता तोच ठेवा, बहुधा एएचसीआय. तो आयडीईवर राहिला तर विंडोज निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत थांबते. घाबरून लगेच फॉरमॅट मारू नका, बायोसमध्ये जाऊन मोड बदला. एच६१ वरून एच६१ वर विंडोज १० सहसा आहे तशी उठते, पहिल्यांदा पाच-सात मिनिटं घेते. लॅनचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. नव्या पिढीच्या बोर्डावर मात्र जुन्या बायोसच्या (लेगसी) पद्धतीने टाकलेली विंडोज आहे तशी उठत नाही, तिथे सहसा नव्याने टाकावी लागते.

फॉरमॅट टाळा म्हणतो त्याचं खरं कारण पासवर्ड आहेत. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड त्या विंडोजच्या खात्याला बांधलेले असतात. नुसतं फोल्डर कॉपी करून दुसऱ्या विंडोजवर ते उघडत नाहीत. म्हणून जुनी विंडोज एकदा उठली की सगळे पासवर्ड वहीत उतरवा. डीएससी यूएसबी टोकनमध्ये असते, बोर्डासोबत जात नाही. नव्या विंडोजवर टोकनचा ड्रायव्हर आणि फिंगरप्रिंट यंत्राचं आरडी सर्व्हिस (आधारसाठी ठसे घेणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकावं लागतं. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आणि विंडोजचं ॲक्टिव्हेशन बोर्ड बदलला की पुन्हा मागितलं जाऊ शकतं. मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स मात्र नव्या बोर्डावर नेता येतं.

आता झटका कुठून आला ते. त्याच दिवशी शेजाऱ्यांचे बल्ब, टीव्ही, मोटरही गेल्या असतील, किंवा काही घरांत बल्ब झगमगले आणि काहींत मंद झाले असतील, तर डीपीवरचा न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येतात, ते साधा स्पाइक गार्ड अडवू शकत नाही. लाइनमनला कळवून जोडणी तपासून घ्या. फक्त तुमचा राउटर आणि सीपीयू गेला असेल तर झटका लॅनच्या केबलमधून आला असावा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण फायबरच्या डब्याचा अडॅप्टर आणि त्यापासून सीपीयूपर्यंतची तांब्याची केबल तिला वाट देते.

अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखं यायला हवं, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. आपल्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, माती अर्थच्या सळईपासून सुटते आणि मेअखेर अर्थिंग नावापुरतं उरतं. नेमक्या त्याच दिवसांत विजा सुरू होतात. म्हणून मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. मीठ-कोळशाचा खड्डा जुना असेल तर नव्याने भरून घ्या. अर्थिंग नसेल तर महागडा स्पाइक गार्डही झटका जमिनीत सोडू शकत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस लाइनच्या चढ-उतारासाठी आणि अचानक बंद पडण्यापासून वाचायला घ्याच, पण वीज पडली तर तो आडवा येत नाही. ढग जमू लागले की, गडगडाट सुरू होण्याआधीच, सीपीयूचा प्लग आणि लॅनची केबल अशा दोन्ही जोडण्या काढून ठेवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप मोबाइलवर ठेवा, आसपास वीज पडण्याची सूचना ते आधी देतं.

आणखी एक. केंद्रात हवेचा कूलर असेल तर त्याची ओली हवा थेट सीपीयूवर येते का ते पाहा. त्या हवेबरोबर पाण्यातले क्षार आणि कापसाचे बारीक तंतू आत जातात, पंख्याच्या पात्यांवर आणि एसएमपीएसमध्ये ओला थर धरतात, आणि पावसाळ्यात तोच थर वीज वाहून नेतो. सीपीयू या हवेच्या कूलरच्या झोतातून बाजूला, जमिनीपासून फूटभर वर ठेवा. दर दोन महिन्यांनी ब्लोअरने साफ करा, तेव्हा पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. नवा बोर्ड बसवल्यावर पहिले दोन दिवस झाकण उघडंच ठेवून काम करा, आणि संध्याकाळी बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचं तापमान पाहा. काहीच काम नसताना ते ६० च्या वर दिसलं तर बहुधा प्रोसेसरच्या कूलरचा एखादा पाय नीट बसलेला नाही, कूलर काढून, पेस्ट पुसून नव्याने लावून परत बसवा.